मापून घेतलेली वाइन

आमच्या शेजारच्या बाईंकडून वाटीभर साखर उसनी आणली, की ती वर सपाट असायची. वाटीच्या काठावरून सुरीचं पातं फिरवून जादा साखर डब्यात परत ढकललेली. पहिल्यांदा परत करताना माझ्या बायकोने वाटी शिगोशीग भरून नेली. बाईंनी दारातच सुरी मागवली, म्हणजे स्वतःच आत जाऊन आणली, वरचा ढीग कागदावर उतरवला, पुडी बांधली आणि तिच्या हातात ठेवली.

"ही तुझी. जास्त आलं तरी माप चुकलंच."

बायको घरी येऊन म्हणाली, "तुमच्या जातीचं कुणीतरी राहायला आलंय शेजारी."

मी सोसायटीचा खजिनदार. पाण्याच्या टँकरचं बिल आणि टँकरच्या फेऱ्या जुळल्या नाहीत तर मला जेवण गोड लागत नाही. त्यामुळे बाई मला त्या पुडीपासूनच आवडल्या. त्याही मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय खजिनदार," म्हणायच्या, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला कधी वेगळं करता आलं नाही.

बाईंची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्ती फक्त पगाराला लागू झाली. सीवूड्सच्या पेट्रोल पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरायच्या आधी त्या पाच लिटरचं सरकारी माप मागायच्या. ते माप प्रत्येक पंपावर असतं आणि कुणीही मागू शकतं, हे आमच्या सोसायटीत त्यांच्याआधी कुणाला ठाऊकही नव्हतं. माप येईपर्यंत मागे रांग लागायची, हॉर्न वाजायचे. बाई हेल्मेटसकट मागे वळून म्हणायच्या, "तुमचंच मोजतेय. हॉर्न कसला वाजवता?"

त्यांची दोन-तीन वाक्यं आमच्या घरात अजून चालतात. एक, "माप ग्राहकासमोर." आतल्या खोलीत जाऊन मोजून आणलेली वस्तू कितीही बरोबर असली तरी त्यांच्या लेखी ती मोजलेली नव्हती. दुसरं, "वाका." काचेच्या नळीवरची रेघ वाचायची तर गुडघे वाकवून डोळा त्या रेघेच्या पातळीला न्यायचा, नळी उचलून डोळ्यासमोर धरायची नाही. आणि तिसरं त्या रागात असल्या की यायचं. दुकानदार म्हणायचा, "बाई, कायद्यात थोडी तूट चालते." त्यावर त्या म्हणायच्या, "कायद्याला चालते. मी कायदा नाही."

एका माणसापुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. करावे गावातून एक मासेवाली आमच्या गेटजवळ बसायला यायची. ती कोलंबी वाट्याने विकायची. पानावर एक ढीग, म्हणजे एक वाटा. बाईंनी पहिल्याच दिवशी पिशवीतून ताणकाटा काढला.

"ए बाय, ठेव तो आत," मासेवाली म्हणाली. "वाटा हाय यो. वाट्याला काटा नाय लावत."

"पण किती आहे ते कळायला नको?"

"बघ ना डोल्यानी. दिसतंय का नाय? एवरं हाय."

बाईंनी ताणकाटा आत ठेवला. त्यानंतर दर आठवड्याला त्या तिच्याचकडून कोलंबी घ्यायच्या आणि प्रत्येक वेळी घरी आणून वजन करायच्या. एकदा मी विचारलं, "काय निघतं?" म्हणाल्या, "दर वेळी वेगळं. पण दिलेल्या पैशांपेक्षा कमी कधीच नाही. हे मला समजत नाही."

वाइनचं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या मुलामुळे. मुलगा फ्रान्समध्ये इंजिनियर. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. रागलोभ काही नव्हता. बाईंनीच सुनेसाठी इथून पैठणी पाठवली होती, तिकीटही काढलं होतं. पण निघायच्या आठवड्यात त्या जिन्यावरून घसरल्या आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. लग्न त्यांनी पलंगावर बसून मोबाइलवर पाहिलं. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. मध्येच नेट गेलं, आणि परत आलं तेव्हा टाळ्या वाजत होत्या. बाई एवढंच म्हणाल्या, "झालं वाटतं."

वर्षाने मुलाचा फोन आला. तो, सून आणि सुनेचे आईवडील, सगळे इथे येणार होते. मुलाचं म्हणणं होतं की जेवण चांगल्या हॉटेलात ठेवू.

"हॉटेलात कशाला?" बाई मला म्हणाल्या. "मी लग्न पाहिलं नाही, खजिनदार. व्याह्यांचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्यासाठी लग्न आत्ताच आहे. व्याहीभोजन माझ्या घरात, माझ्या हातचं. आणि तुम्ही दोघं माझ्याकडची माणसं म्हणून पंगतीला बसायचं. मला दुसरं आहे कोण इथे?"

त्यांनी मुलाला विचारलं, व्याह्यांना जेवताना काय लागतं? तो म्हणाला, "आई, लाल वाइन. अगदी साधी. रोजची."

बाईंनी हे "साधी" अक्षरशः घेतलं. व्याही पाव भाजायचं दुकान चालवणारा माणूस. त्याच्यापुढे महागडी बाटली ठेवली तर तो अवघडेल, आणि वाईट ठेवली तर आपली शोभा. तेव्हा साधी पण चांगली फ्रेंच लाल वाइन, दीड हजाराच्या आतली. बाई तोवर आयुष्यात सोलकढीच्या पुढे गेल्या नव्हत्या. मी वर्षातून एखादी बिअर घेणारा. माझ्या बायकोने गोव्यात एकदा काहीतरी लाल चाखलं होतं, म्हणून ती आमच्यातली तज्ज्ञ.

स्टेशनजवळच्या वाइन शॉपमध्ये मी त्यांच्याबरोबर गेलो. बाई कडक इस्त्रीची सुती साडी नेसून आल्या होत्या. काउंटरवरच्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न, "परवाना इथेच मिळतो का?"

"कसला परवाना, मॅडम?"

"पिण्याचा. एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. नियम आहे."

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. कोणी विचारत नाय."

"मी विचारतेय ना."

त्याने काउंटरखाली वाकून बरीच शोधाशोध केली. शेवटी धूळ झटकून परवान्यांचं पुस्तक वर आणलं. मागे उभा असलेला माणूस बिअरचे कॅन घेऊन ताटकळत होता. बाईंनी त्यालाही परवाना घ्यायला लावला. तो बिचारा सही करून गेला.

मग बाटल्या. काउंटरवाला म्हणाला, "या रेंजमध्ये ही बेस्ट. फ्रान्सच्या साउथची. ब्लेंड आहे, दोन-तीन प्रकारची द्राक्षं मिक्स."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मिश्रण?"

"हो, मिश्रणच."

"आणि ते बाटलीवर छापून विकतात?"

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "भेसळ आमच्या खात्याकडे नव्हती, पण माणूस निर्लज्जपणे मिश्रण म्हणतो म्हणजे काय?" बाटली घेतली, पण संशयाने. संध्याकाळी माझ्या बायकोने प्रश्न सोडवला. "मावशी, तुमच्या थालीपिठाच्या भाजणीत काय एकच धान्य असतं? नुसत्या ज्वारीचं कराल का?" बाईंनी बाटली परत हातात घेऊन लेबल वाचलं. मग म्हणाल्या, "भाजणी म्हण की. मग ठीक आहे."

त्यांच्याकडे एक लिटरची काचेची मापनळी होती, निवृत्तीनंतर स्वतः विकत घेतलेली. बाटली उघडल्यावर पहिलं काम म्हणजे ती नळीत ओतणं. ओतून झाल्यावर द्रव स्थिर होईपर्यंत थांबायचं, ही शिस्त. त्यांनी चहा टाकला, आम्ही तो प्यायलो, मग त्या वाकल्या.

"साडेसातशे मिली. बाटलीवर लिहिलंय तेवढी, बरोब्बर." वर पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत फ्रान्सबद्दल आदर होता. "चांगली माणसं दिसतात."

मग आम्ही तिघांनी आमच्या लग्नात आलेल्या, कधी न वापरलेल्या काचेच्या पेल्यांतून चव घेतली. मला पिकलेलं जांभूळ आठवलं. तीच गोडी आणि मग जिभेवर तोच तुरटपणा. बायको म्हणाली, करवंदं, आणि मागून मिऱ्याची चिमूट. बाईंनी डोळे मिटून घोट घेतला. "कोकमाच्या आगळासारखी आंबट असेल वाटलं होतं. नाही. बरी आहे. चांगली आहे." मग आणखी एक घोट. "चांगली आहे, खजिनदार."

पण एका नमुन्यावर निकाल देणाऱ्यातल्या बाई नव्हेत. पुढच्या शनिवारी त्यांनी तीच, त्याच वर्षाची दुसरी बाटली आणली. त्या दिवशी मला भूक लागली होती. मी म्हणालो, "बाई, आता काय मोजायचं? तीच कंपनी, तीच बाटली." कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं. बाटली उघडली, थेट पेल्यांत ओतली.

आणि ती वाइन कडक लागली. जांभूळ होतं, पण कच्चं. घशाला खरवडत गेली. बायकोने तोंड वाकडं केलं.

"बघा," बाई म्हणाल्या, "एका मालात दोन दर्जे. हे मी चालू देणार नाही."

त्या तक्रार करणार होत्या. दुकानदाराकडे नाही, थेट फ्रान्सला. तक्रारीत किती माल वापरला आणि किती उरला हे लिहावं लागतं, म्हणून त्यांनी उरलेली वाइन नळीत ओतली आणि तक्रारीचा मजकूर मला सांगू लागल्या. बायकोला त्यांच्या तक्रारीत रस नव्हता. तिने मधल्या वेळात नळीतली थोडी पेल्यात घेतली आणि म्हणाली, "अहो, ही तर चांगली झाली."

आम्ही तिघांनी परत चाखली. खरंच झाली होती. मागच्या शनिवारसारखी.

कारण सरळ होतं. नळीत उंचावरून ओतताना आणि मग स्थिर व्हायला ठेवताना तिला हवा लागत होती, आणि नवी, साधी लाल वाइन हवा लागली की मऊ होते. हे मी दुसऱ्या दिवशी वाचून त्यांना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली. "हवेचं असेल," म्हणाल्या. "पण मोजली म्हणून लागली ना हवा?"

व्याही यायच्या आधी मुलाचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला होता.

"आई, एक रिक्वेस्ट. प्लीज ते नळकांडं त्यांच्यासमोर काढू नकोस."

"का रे?"

"आई, पाहुण्यांसमोर वाइन मोजायची? त्यांना वाटेल आपण त्यांना मोजून देतोय. तुझी सवय मला माहितेय, त्यांना नाही."

बाईंनी कपाटातल्या नळीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. नाही काढत."

फोन ठेवल्यावर माझी बायको म्हणाली, "मावशी, त्यात काय, आत स्वयंपाकघरात आधीच ओतून ठेवू या."

"आत?" बाई म्हणाल्या. "माप आतल्या खोलीत?"

"माप नका समजू. हवा समजा."

"मला माहितेय ना ते काय आहे."

रविवारची दुपार ठरली. सकाळी बाई कोलंबी घ्यायला गेल्या तेव्हा मी दुधासाठी खालीच होतो. त्यांनी मासेवालीला सांगितलं, आज व्याही येतायत, परदेशातून.

"व्याही येनार हाय? पयल्यांदा?" मासेवालीने वाटा पिशवीत टाकला आणि टोपलीतली चांगली ओंजळभर कोलंबी वर घातली.

"हे कशाचं?" बाईंनी विचारलं.

"व्याह्याचा हाय ते. तुजा नाय. जा आता, वडं तलायचं असतील तुला."

त्या दिवशी त्यांनी कोलंबीचं वजन केलं नाही. मी विचारलं होतं.

मंडळी आली. व्याही उंच, आडव्या हाडांचे, हात मोठे आणि बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. विहीण बुटक्या, हसऱ्या. त्यांनी चप्पल काढायला कुणी सांगायची वाट पाहिली नाही. सून पैठणी नेसून आली होती, निऱ्या उलट्या बाजूला. बाईंनी दोघींना हळदकुंकू लावलं, ओटी भरली, सुनेला आत नेऊन निऱ्या सरळ करून आणलं. मटणाचा रस्सा, वडे, कोलंबी, सोलकढी. टेबलावर सहा माणसांची सोय होती, म्हणून माझी बायको वाढायला उभी राहिली.

मुलाने बाटली उघडली आणि थेट पेल्यांत ओतली. बाई त्याच्या हाताकडे पाहत होत्या. व्याह्यांनी पेला उचलला, सगळ्यांकडे पाहून हसले, घोट घेतला. मान हलवली. मुलाने सांगितलं, "छान आहे म्हणतात." मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि सोलकढीची वाटी उचलली.

त्यांनी वाटी संपवली. पेल्याला परत हात लावला नाही. विहीणबाईही पाणीच पीत होत्या. सगळे सगळ्यांना छान म्हणत होते, मुलगा दोन्हीकडून भाषांतर करून दमला होता, आणि मग जशी अनोळखी माणसांत होते तशी ती शांतता झाली. चमचे वाजायला लागले. बाई जेवत नव्हत्या. वर्षभर ज्या जेवणाची वाट पाहिली ते जेवण हॉटेलातल्यासारखं चाललं होतं.

बाई उठल्या. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात दुसरी, न उघडलेली बाटली होती आणि दुसऱ्या हातात मापनळी.

"आई!" मुलगा म्हणाला.

"शब्द दिला होता, माहितेय मला," बाई म्हणाल्या. "नंतर ओरड. आधी त्यांना सांग, मी आयुष्यभर हे काम केलंय. सांग, माझ्या घरात माप ग्राहकासमोर होतं. आणि सांग, ही वाइन मोजल्याशिवाय चांगली लागत नाही. मला कळतंय, त्यांना आवडलेली नाही."

मुलगा लाल झाला होता, पण त्याने सांगितलं. सगळं सांगितलं की नाही कोण जाणे. बराच वेळ बोलत होता. बाईंनी बाटली उघडली, व्याह्यांच्या ताटासमोर नळी ठेवली आणि उंचावरून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. मग हात मागे बांधून थांबल्या. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलो. वाइन वर्तुळं काढत हळूहळू स्थिरावली.

आणि व्याही खुर्चीवरून उठले. नळीला हात लावला नाही. गुडघे वाकवून, टेबलाच्या काठाला हनुवटी आणून, त्यांनी आपला डोळा रेघेच्या पातळीला नेला.

बाई माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "वाकले, खजिनदार. न सांगता."

व्याह्यांनी काहीतरी म्हटलं. सून आणि विहीण एकदम हसायला लागल्या. मुलगाही हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच. "म्हणतात, साडेसातशे. आणि म्हणतात, जन्मभर वाइन पितोय, बाटली खरंच भरलेली आहे का हे बघायचं सुचलंच नाही. पीठ मात्र रोज तोलायचो, आणि बायको हसायची."

मग नळीतून बाईंच्या घरातले साधे पेले भरले. व्याह्यांनी घोट घेतला, थांबले, आणखी एक घेतला, आणि आपला पहिला पेला उचलून नळीत रिकामा केला. विहीणबाईंनीही आपला पुढे केला. त्यानंतर भाषांतराची कुणी फारशी वाट पाहिली नाही. विहीणबाईंनी वडा रश्श्यात बुडवून हाताने खाल्ला. बाई बसल्या आणि जेवायला लागल्या.

जेवण होत आलं तेव्हा व्याह्यांनी आपल्या पिशवीतून एक बाटली काढली. तिला रंगीत लेबल नव्हतं, साधा कागद होता. त्यांच्या गावातल्या शेतकऱ्यांनी केलेली, व्याही स्वतः रोज पितात ती. भेट म्हणून आणली होती, पण इथे असली बाटली द्यावी की नाही म्हणून काढायला संकोचत होते, असं सुनेने सांगितलं. आता त्यांनी ती बाईंसमोर ठेवली आणि मापनळीकडे बोट दाखवलं.

बाईंनी नळी धुऊन, पुसून आणली. बाटली उघडली, ओतली, शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरली. वाइन स्थिरावायची वाट पाहिली. मग त्या वाकल्या. मी त्यांच्या बाजूलाच होतो. सवयीने मीही वाकलो.

पातळी साडेसातशेच्या रेघेच्या खाली होती. फार नाही. पण खाली होती, आणि ती मला दिसली म्हणजे बाईंना दिसलीच.

व्याही समोर उभे होते, निकालाची वाट पाहत, मोठे हात एकमेकांत गुंफून.

बाई सरळ झाल्या. "पूर्ण आहे," म्हणाल्या. "सांग त्यांना, भरलेली आहे."

व्याह्यांनी दोन्ही हात वर केले, परीक्षेत पास झाल्यासारखे. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सुनेने, मग माझ्या बायकोने.

बाई आता खांदेश्वरला राहायला गेल्यात आणि वर्षातले काही महिने फ्रान्सला असतात. आमच्याकडे अधूनमधून ती दुकानातली वाइन येते आणि स्वयंपाकघरातल्या मोजायच्या भांड्यातून फिरून पेल्यांत पडते. दर वेळी मला त्या जेवणानंतरची सकाळ आठवते. बाई पेले परत द्यायला आल्या होत्या. धुतलेले, पुसलेले, मोजून सहा. मला राहवलं नाही.

"बाई, काल व्याह्यांनी आणलेली बाटली. रेघेच्या खाली होती ना?"

त्यांनी पेले माझ्या हातात दिले.

"कायद्यात थोडी तूट चालते, खजिनदार," त्या म्हणाल्या, आणि पाहुण्यांचा चहा टाकायला घरी गेल्या.